प्रमाणपत्र भिंतीवर, पोरगं नाक्यावर



जयंतीचा मंडप उतरला की आठवड्याभरात आमच्या वस्तीत मोफत प्रशिक्षणाचे फ्लेक्स लागतात. दहावी-बारावीच्या परीक्षा संपलेल्या असतात, निकालाला वेळ असतो, पोरं रिकामी असतात. कोर्स दरवर्षी तेच. रिटेल सेल्स, ब्युटी पार्लर, शिवणकाम, मोबाईल दुरुस्ती, डाटा एन्ट्री. दीड-दोन महिने वर्ग चालतात, शेवटच्या दिवशी पाहुणे येतात, टी-शर्ट आणि प्रमाणपत्रं वाटली जातात, फोटो निघतात. जूनमध्ये पोरगं पुन्हा नाक्यावर उभं असतं आणि त्याची आई ते प्रमाणपत्र लॅमिनेट करून बाबासाहेबांच्या फोटोशेजारी भिंतीवर लावते.

शिकण्याला आमचा आक्षेप असण्याचं कारणच नाही. आमचा आक्षेप निदानाला आहे. शहरातल्या गरीब वस्तीतल्या तरुणाकडे कौशल्य नाही म्हणून त्याला काम नाही, असं हे निदान सांगतं. त्यामुळे सगळा दोष पोराच्या अंगाला चिकटतो आणि बाजार स्वच्छ सुटतो. आमचा अनुभव वेगळा आहे. आमच्या पोरांचा प्रश्न मुळात दाराचा आहे. दार कुठलं, ते कोण उघडतं, आणि आत गेल्यावर पोराला कुठल्या कोपऱ्यात उभं केलं जातं, हे विचारल्याशिवाय कौशल्याची चर्चा पुढे जात नाही.

पूर्व उपनगरातल्या आमच्या वस्तीत आम्ही सात-आठ कार्यकर्ते गेली चार वर्षं एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत एक काम करतो. त्याला नाव ठेवलेलं नाही. पोरं त्याला ‘विहाराचं काम’ म्हणतात. विहारात यादी होते. ज्यांना सुट्टीत काम हवं आहे ती पोरं-पोरी नाव लिहितात आणि आम्ही आजूबाजूच्या धंदेवाल्यांकडे जाऊन त्यांच्यासाठी सहा-सात आठवड्यांचं पगारी काम शोधतो. छापखाना, औषधाचं दुकान, फोटो स्टुडिओ, सीएचं ऑफिस, वायरिंगची कामं घेणारा कंत्राटदार, कॅटरर. सोळा वर्षांखालच्या कुणाला आम्ही घेत नाही. कायद्याने १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही आणि १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर लावता येत नाही. (२०१६ च्या दुरुस्तीत घरच्या धंद्यात मदत करण्याची जी सवलत ठेवली आहे, तिचा फायदा कुणाच्या घरातल्या पिढीजात धंद्याला होतो, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) आमच्या अटी तीनच. पगार दर शनिवारी, आणि तो पोराच्या हातात किंवा खात्यात. काम काय आणि वेळ किती, हे एका कागदावर लिहून सही. आणि आठवड्यातून एकदा आमच्यापैकी कुणीतरी कामाच्या जागी येणार, मालकाला आवडो न आवडो.

या तिसऱ्या अटीमुळेच आम्हाला खूप काही कळलं.

दुसऱ्या वर्षी आमची दहा-बारा पोरं एका कॅटररकडे लागली होती. लग्नसराई जोरात होती. पहिल्या शनिवारी आमचा एक कार्यकर्ता हॉलच्या मागच्या बाजूला गेला, तर आमची सगळी पोरं खरकट्याच्या टबाजवळ. ताटं घासणं, टेबल-खुर्च्या उचलणं, कचऱ्याच्या पिशव्या बांधणं. वाढायला एकही नाही, भटारखान्यात तर नाहीच. वाढणाऱ्याला रात्रीचे दोनशे रुपये जास्त आणि वर बक्षिशी. आम्ही कॅटररला विचारलं. माणूस वाईट नव्हता, आवाज चढवला नाही. म्हणाला, "दादा, तुमची पोरं मेहनती आहेत, माझी तक्रार नाही. पण वाढायला नको. पार्टी विचारते." आमच्या एका ताईने विचारलं, "काय विचारते?" तो हसला. "तुम्हाला माहीत आहे की."

ती पोरं बारावी झालेली होती. त्यातल्या दोघांनी आदल्या उन्हाळ्यात हॉटेल-सेवेचा मोफत कोर्स केला होता, प्रमाणपत्रासकट. म्हणजे वाढायचं कसं, ताट कुठल्या बाजूने ठेवायचं, पाहुण्याशी बोलायचं कसं, हे त्या हॉलमधल्या बाकीच्या वाढप्यांपेक्षा त्यांना जास्त येत होतं.

ज्यांना हे किरकोळ वाटतं त्यांनी मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास आठवावा. गिरण्यांत अस्पृश्य कामगार हजारोंनी होते, पण विणाईखात्यात त्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणजे तो उष्टा होणार, म्हणून इतर कामगारांना ते चालत नसे. आणि गिरणीत चांगला पगार होता तो नेमका विणाईखात्यात. कामगारांचे पुढारी वर्गलढ्याच्या गोष्टी करत, पण या खात्याच्या दाराबद्दल गप्प बसत. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला आणि त्यांना तो मागण्यांमध्ये नाइलाजाने का होईना घ्यावा लागला. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे अस्पृश्य कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असं सांगितलं. त्याच भाषणात रेल्वेत आणि गिरण्यांत आपल्या माणसाला कुठली कामं मिळतात आणि कुठली मिळत नाहीत याचा हिशोब होता. त्या काळात कुणी विणाईचा मोफत उन्हाळी कोर्स काढला असता, तर काय झालं असतं? आपल्या माणसाला धागा ओढता आला असता. खात्याचं दार मात्र बंदच राहिलं असतं.

आता ‘धोक्यातले तरुण’ या शब्दाकडे येऊ. प्रशिक्षणाच्या प्रस्तावांमध्ये, संस्थांच्या अहवालांमध्ये आमच्या पोरांसाठी हा शब्द वापरतात. धोका कशाचा? व्यसनाचा, टोळीचा, गुन्हेगारीचा. म्हणजे धोका पोराला आहे असं म्हणायचं आणि पोरगंच धोका आहे असं सुचवायचं. आमच्या यादीत दरवर्षी चार-पाच जण असे असतात की ज्यांना व्यसन नाही, टोळी नाही, पण नावावर केस आहे. ३ जानेवारी २०१८ च्या महाराष्ट्र बंदनंतर वस्त्यावस्त्यांमध्ये कोम्बिंग झालं तेव्हा कुणी दूध आणायला गेलेला उचलला, कुणी घरातून. तेव्हा एकोणीस वर्षांचा असलेला पोरगा आज कुरिअर कंपनीत, सिक्युरिटी एजन्सीत, मॉलमध्ये, कुठेही गेला तरी पोलिस व्हेरिफिकेशनचा कागद मागतात. तिथे तो अडकतो. त्याला ‘मुलाखतीला सामोरं कसं जावं’ हे शिकवून काय उपयोग? त्याला वकील हवा आहे. आमच्या उन्हाळी कामाचा एक मोठा भाग म्हणूनच तारखांच्या डायऱ्या ठेवणं हा झाला आहे. कुणाची तारीख कधी, जामीनदार कोण, वकिलाला फोन कुणी करायचा. यासाठीही प्रशिक्षण लागतं. ते मात्र कुठल्याच फ्लेक्सवर नसतं.

या प्रश्नाचं काटेकोर मोजमाप झालं आहे ते अमेरिकेतल्या शहरांत, आणि त्यातही काळ्या वस्त्यांमध्ये. ते उदाहरण आपल्याला परकं नाही. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नाव कुणाकडून घेतलं, हे प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे.

२८ ऑगस्ट १९६३ चा वॉशिंग्टनचा मोर्चा आपल्याकडे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणामुळे लक्षात राहिला आहे. पण त्या मोर्चाचं नाव होतं ‘नोकऱ्या आणि स्वातंत्र्यासाठी’, आणि त्यात नोकऱ्या हा शब्द आधी होता. ए. फिलिप रँडॉल्फ आणि बेयर्ड रस्टिन यांनी बांधलेल्या त्या मोर्चाच्या मागण्यांमध्ये बेकारांना प्रशिक्षण देऊन सन्मानाच्या, नीट मजुरीच्या कामावर लावणारा केंद्र सरकारचा मोठा कार्यक्रम मागितला होता आणि दोन डॉलर किमान मजुरीही. नुसतं प्रशिक्षण मागितलं नव्हतं. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये तरुणांसाठी उन्हाळी नोकऱ्यांचा कार्यक्रम सुरू झाला, तो आजही चालू आहे. १९६४ च्या कायद्याने केंद्राचा पैसा आला. मग १९६५ मध्ये वॉट्स पेटलं, १९६७ मध्ये न्यूअर्क आणि डेट्रॉईट पेटलं, आणि सत्ताधाऱ्यांना उन्हाळी नोकऱ्यांचं महत्त्व अचानक पटायला लागलं. म्हणजे तिथेही पैशामागे हक्कापेक्षा भीती जास्त होती. आणि भीतीतून आलेला पैसा भीती ओसरली की जातो. १९९८ च्या कायद्याने उन्हाळी नोकऱ्यांचा केंद्राचा स्वतंत्र निधीच बंद केला आणि शहरांवर आपापल्या तिजोरीतून सोय करण्याची वेळ आली.

पण मोजमाप काय सांगतं ते बघा. २०१२ च्या उन्हाळ्यात शिकागोत, जिथे हिंसा सगळ्यात जास्त अशा भागांतल्या १३ सरकारी शाळांमधून १,६३४ मुलं-मुली घेतली. सोडत काढली. सोडतीत नाव आलं त्यांना आठ आठवडे, आठवड्याला २५ तास, किमान वेतनावर काम. ज्यांचं आलं नाही त्यांच्याशी तुलना. पुढच्या १६ महिन्यांत काम मिळालेल्या गटात हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका ४३ टक्क्यांनी कमी निघाल्या. सारा हेलर यांचा हा अभ्यास २०१४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. हा फरक मुख्यतः उन्हाळा संपल्यानंतर दिसला. म्हणजे ‘पोरं कामात अडकली होती म्हणून भांडली नाहीत’ एवढंच ते नव्हतं.

त्याहून महत्त्वाचा आहे एक बारकावा, ज्याचा आपल्याकडच्या व्यक्तिमत्त्व-विकासवाल्यांनी विचार करावा. काम मिळालेल्यांपैकी अर्ध्यांना पूर्ण २५ तास कामच दिलं. बाकीच्यांना १५ तास काम आणि १० तास राग कसा आवरावा, भावना कशा सांभाळाव्या याचे वर्ग. त्या वर्गाच्या तासांचेही पैसे दिले, हे विशेष! दोन्ही गटांच्या निकालात फरक निघाला नाही. दोघांनाही पगार होता, आणि साधारण दहा मुलांमागे एक मोठा माणूस होता जो कामावर वेळेत कसं जायचं, साहेबाशी कसं बोलायचं, अडचण आली तर काय करायचं हे बघायचा. राग आवरण्याच्या वर्गाशिवायही तेवढाच फरक पडला. आमच्या शनिवारच्या फेऱ्यांना आता आम्ही जास्त मानाने बघतो.

न्यूयॉर्कच्या २००५ ते २००८ च्या सोडतींवरचा अभ्यास याहून कडवट आहे. तिथे ज्यांचं नाव आलं त्यांच्यात पुढे तुरुंगवास कमी झाला, अकाली मरणाचं प्रमाण कमी झालं. पण पुढच्या वर्षांमधली त्यांची कमाई वाढली नाही, उलट काही काळ किंचित घटली. कॉलेजला जाण्याचं प्रमाणही वाढलं नाही.

दोन्ही अभ्यास एकत्र वाचा, मित्रांनो. हातात पगार आणि पाठीशी माणूस, एवढ्यावर एका उन्हाळ्यात पोराचा जीव वाचू शकतो. ही लहान गोष्ट नाही. ज्या आईने पोरगा गमावला आहे तिला विचारा. पण त्याच उन्हाळ्याने त्या पोरासाठी बाजाराचं दार उघडलं नाही. कारण दाराची कडी पोराच्या हातात नव्हतीच. तिथे ती वर्णाच्या हातात आहे, इथे जातीच्या.

आता आपल्याकडच्या योजना या कसोटीवर लावून बघू. महाराष्ट्रात २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. सहा महिन्यांचं काम, विद्यावेतन बारावीला ६,००० रुपये, आयटीआय आणि पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,०००. पैसे हातात येतात, हे आम्हाला मान्य आहे आणि वस्तीतल्या काही घरांना त्याचा आधार झाला हेही आम्ही पाहिलं. पण वय किमान अठरा आणि शिक्षण किमान बारावी. मग दहावीला गणितात अडकलेला सतरा वर्षांचा पोरगा, ज्याच्यासाठी ‘धोका’ हा शब्द शोधून काढला, तो कुठे जाणार? पंतप्रधान इंटर्नशिप योजना आली तेव्हा तिच्यात वय २१ ते २४ होतं. म्हणजे त्या पोराने आणखी चार वर्षं नाक्यावर थांबायचं. आणि ज्यांना काम मिळालं त्यांची मुदत संपली तेव्हा काय झालं? प्रशिक्षणार्थी रस्त्यावर उतरले, मुदत अकरा महिन्यांपर्यंत वाढली, पण पुढे काय याचं उत्तर मिळालं नाही. ज्या टेबलावर माणूस अकरा महिने सरकारी काम करतो, ते काम खरं असतं की प्रशिक्षण असतं? खरं असेल तर त्या टेबलाची जागा का भरत नाही? भरली तर तिथे आरक्षण लागू करावं लागेल, म्हणून तर नाही ना? हा प्रश्न आपण मोठ्याने विचारला पाहिजे. प्रशिक्षण हा शब्द भरतीच्या जागी वापरला जातो तेव्हा आरक्षणाला बगल देणं सोपं होतं.

एक दार मात्र कायद्यात उघडं आहे आणि त्याकडे आपलं लक्ष कमी आहे. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा, म्हणजे अप्रेंटिस अ‍ॅक्ट. ३० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान. आणि या कायद्याच्या कलम ३-अ नुसार त्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी राज्यातल्या लोकसंख्येचा विचार करून जागा राखीव आहेत. खासगी कंपनीतसुद्धा. ‘खासगी क्षेत्रात आरक्षण’ ही मागणी करताना हा लहानसा तुकडा आधीच कायद्यात आहे, हे आपल्या किती कार्यकर्त्यांना माहीत आहे? यात खोटही आहे. याच कायद्याचं कलम १८ म्हणतं की शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, त्यामुळे कामगार कायद्यांचं बरंचसं संरक्षण त्याला नाही. आणि मुदत संपल्यावर त्याला कामावर घ्यायची सक्ती मालकावर नाही. २०१४ पासून प्रत्येक मालकाने याबद्दल आपलं धोरण ठरवायचं आहे एवढंच. पण धोरण ठरवायचं आहे ना, मग ते दाखवा, असं म्हणायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांच्या खात्याकडे तांत्रिक प्रशिक्षणाची योजना होती आणि सेवायोजन कार्यालयंही त्याच काळात उभी राहिली. माणसाला शिकवणं आणि त्याला कामापर्यंत नेणं, दोन्ही एकाच खात्याचं काम. आज प्रशिक्षण संस्थांना वाटून दिलं आहे, नोकरी बाजारावर सोडली आहे आणि मधल्या खड्ड्यात आमची पोरं आहेत.

आता मागणीचं बोलू. आम्ही यंदा आपल्या वॉर्डात उन्हाळी पगारी कामाची मागणी घेऊन जाणार आहोत. मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४ हजार कोटींहून मोठं होतं; काही शे तरुणांचे दोन महिन्यांचे पगार त्यात दिसणारही नाहीत. पण ही मागणी करताना एका ठिकाणी डोळे उघडे ठेवावे लागतील. उन्हाळ्यात महापालिकेकडे सगळ्यात मोठं काम कुठलं असतं? पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई. ‘तुमच्या पोरांना काम हवं ना, घ्या’ म्हणून कुणी फावडं हातात देईल. गाळ काढण्याचं काम यंत्राने करा, आणि माणसाने करायचं असेल तर सगळ्या जातींची पोरं उतरवा. फक्त आमच्या वस्तीतून यादी मागू नका. आमची पोरं वाचनालयात बसतील, दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसतील, जलतरण तलावावर, आपत्ती नियंत्रण कक्षात, वृक्षगणनेला, शाळांच्या पट-नोंदणीला जातील. ही आजची विणाईखाती आहेत.

अर्जाचा मसुदा तयार आहे. त्यात चार गोष्टी मागितल्या आहेत. सोळा वर्षांपुढच्या तरुणांना आठ आठवडे किमान वेतनाने काम, शिक्षणाची अट नाही. निवड खुल्या सोडतीने, विहाराबाहेरही यादी लावून. चळवळीतल्या केसेस आहेत म्हणून कुणाला वगळायचं नाही. आणि दहा तरुणांमागे एक पगारी मार्गदर्शक, तोही वस्तीतलाच. सोबत वॉर्डातल्या तीसपेक्षा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांची यादी जोडायची आहे. माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज करून, त्यांनी किती शिकाऊ उमेदवार घेतले आणि त्यात कलम ३-अ प्रमाणे किती, हेही विचारणार आहोत. यादी करायला माणसं कमी पडतात. ज्यांना औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यांची माहिती आहे, ज्यांचे काका-मामा तिथे कामाला आहेत, त्यांनी रविवारी सकाळी दहाला वंदना झाल्यावर विहारात थांबावं. येताना वही आणावी.